बाबागाडी व्हाया इतवारी

कोल्हापूरहून रेल्वेने नागपूरला जायला निघालं की हा महाराष्ट्र एवढा लांबलचक कोणी आणि कशाला करून ठेवला, असा प्रश्न पडतो. खिडकीतून आधी ऊस दिसतो, झोपून उठल्यावर कापसाची रिकामी रानं दिसतात, आणि मधल्या वेळात समोरच्या बाकावरचं कुटुंब आपला डबा संपवून आपल्या डब्याकडे बघायला लागतं. माझ्या पिशवीत लेकीसाठी घरचा कांदा-लसूण मसाला होता. त्याचा वास त्या कुटुंबाला आला होता, पण मी काही पिशवी उघडली नाही.

माझी लेक मुक्ता नागपुरात नंदनवन नावाच्या भागात राहते. नाव ऐकून आमच्या भिशीतल्या बायकांना वाटलं होतं, पोरीच्या दारात मोर नाचत असतील. दारात रोज एक गाय येऊन उभी राहते आणि पोळी मिळेपर्यंत हलत नाही, एवढंच. एप्रिलचे दिवस होते. जावयाने स्टेशनबाहेर माझी बॅग घेतली, आणि नागपूरच्या उन्हाने माझं डोकं ताब्यात घेतलं.

मी काही मजा मारायला गेले नव्हते. मुक्ताची बाळंतपणाची रजा संपत होती आणि सोमवारपासून ती कामावर रुजू होणार होती. तिची लेक रेवा अजून अंगावर पिते. बाटली दिली की ती अशा नजरेने बघते, जणू आपण तिला एरंडेलच पाजतोय. तेव्हा असं ठरलं होतं की, रोज दुपारी रेवाला घेऊन मेट्रोने मुक्ताच्या ऑफिसात जायचं, पाजून परत आणायचं. पहिला पंधरवडा मी, त्यानंतर माझ्या विहीणबाई, सुमनताई. हे जमलं नाही, तर मुक्ता नोकरी सोडणार होती. तिने तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि आमची मुक्ता बोलते ते करते. हा गुण तिने वडिलांकडून घेतला असता तर बरं झालं असतं, पण तो माझ्याकडून आलाय.

आता अडचण अशी की रेवा गुटगुटीत. माझी कंबर नाजूक आणि सुमनताईंचे गुडघे त्याहून नाजूक. मेट्रोचं स्टेशन घरापासून रोज रिक्षा करायला जवळ आणि बाळ काखेत मारून जायला लांब. म्हणून मी बाबागाडी घ्यायची ठरवली.

"बाबागाडी?" सुमनताईंनी पोळी लाटता लाटता लाटणं थांबवलं. "ईनबाई (म्हणजे विहीणबाई), लेकराले काय ठेल्यावरची भाजी समजून राहिल्या तुम्ही? लोक म्हणतीन, म्हातारी दारोदार कोथिंबीर विकून राहिली."

इथे कोथिंबिरीला खरं तर सांबार म्हणतात. माझ्या सोयीसाठी त्या कोथिंबीर म्हणाल्या, तेव्हाच मी ओळखलं की बाई मनाने तशा चांगल्या आहेत.

पण हट्टी. त्यांच्या मुलाने गुडघ्यांसाठी चांगली काठी आणून दिलेली. ती दारामागे उभी असते आणि तिने त्या कोळ्याची जाळी काढतात. काठी धरली की माणूस म्हातारं दिसतं, हे त्यांचं मत. म्हणून काठी नाही, घरात भिंत धरून चालणं आणि बाहेर जाणंच नाही. भाजी दारावर येते, किराणा जावई आणतो. शेजारची हळदीकुंकवं हळूहळू बंद झाली, असं मुक्ता मला आधीच सांगून बसली होती. अशा बाई रोज दुपारी बर्डीला (म्हणजे सीताबर्डीला, मुक्ताचं ऑफिस तिथे) बाळ घेऊन जाणार, यावर माझा तरी विश्वास नव्हता. मुक्ताचाही नव्हता.

शनिवारी सकाळी मी दुकानात निघाले, तर सुमनताई पातळ बदलून तयार.

"मी येईन. पण येताना इतवारीतून जाऊ. वर्षाचं तिखट करायचं हाये. भिवापुरी मिरची दुसऱ्यानं आणलेली मले चालत नाही."

मिरचीपुढे गुडघे गौण, हे मी समजू शकते. आमच्याकडेही बायका लेकीचं स्थळ फोनवर ठरवतात, पण मिरची स्वतः डेखं (म्हणजे देठं) मोडून, हुंगून घेतात. तरी मी म्हटलं, "तिखट आमच्या कोल्हापूरचं." त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं.

वाटेत तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात) खाल्ले. कोल्हापूरची अब्रू राखायची म्हणून मी तर्री आणखी मागितली. पुढचा काही वेळ मी कमी बोलले. सुमनताईंनी पाण्याचा पेला न बोलता पुढे सरकवला, ते मला जास्त लागलं.

बर्डीच्या दुकानात बाबागाड्यांची रांग होती. एक इतकी मोठी की तीत जावईही मावला असता. तिच्यात चहाचा पेला ठेवायला खाच, उन्हाला छप्पर, बाळाला तीन आसनं. फक्त ती उचलायला चार माणसं लागली असती. दुसरी छत्रीसारखी मिटणारी, हलकी. पण तिचे दोन मुठींचे दोन दांडे, म्हणजे एका हाताने ढकलायला गेलं की ती गोल फिरून आपल्यालाच बघायला येते. माझ्या अटी साध्या होत्या: चाकं मोठी हवीत, कारण नंदनवनचा रस्ता मी पाहिला होता. दांडा आडवा, सलग हवा. वजन मेट्रोच्या जिन्यावर एकटीला पेलवेल एवढं. आणि मिटायला सोपी.

"ही पाहा, एका हाताने फोल्ड होते," दुकानदार म्हणाला. मग त्याने दोन हात, एक गुडघा आणि शेवटी हनुवटी लावली.

सुमनताईंनी तोवर आडव्या दांड्याची एक निळी गाडी धरून गदागदा हलवली होती. गादीखाली बोट घालून त्यांनी विचारलं, "खोळ निघते का हिची?"

"निघते ना, काकू. चेन आहे."

"मंग ठीक हाये. लेकरू म्हटलं की शी-शू आलीच."

गाडी रिकामीच ढकलून कशी कळणार? दुकानदाराने तिच्यात एक कापसाचं अस्वल बसवलं. सुमनताई म्हणाल्या, "आमची रेवा का कापसाची हाये?" दुकानदार भला माणूस. म्हणाला, घरी नेऊन पाहा, नाही जमली तर सोमवारी बदलून देतो, फक्त मळवू नका. मळवायला आम्ही काय लहान पोरं होतो?

इतवारीत शिरलो आणि माझी बाबागाडी कोणाच्या खिजगणतीत राहिली नाही. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर पातेल्यांची चळत घेतलेला माणूस, धान्याच्या पोत्यांवर पसरलेलं मांजर, सगळे आपापल्या जागी ठाम. हलायचं ते आम्ही. मिरचीच्या दुकानात सुमनताई अर्धा तास बसल्या. एक मिरची मोडायच्या, बी बघायच्या, हुंगायच्या, "ही भिवापूरची नाही" म्हणून बाजूला टाकायच्या. शेवटी एक ढीग पास झाला. गच्च भरलेलं तागाचं पोतं आणि धन्याची जड पिशवी पुढ्यात आली, आणि आम्ही दोघींनी एकाच वेळी बाबागाडीकडे पाहिलं.

खरं सांगते, कल्पना कोणाची हे अजून ठरलेलं नाही. त्या म्हणतात माझी, मी म्हणते त्यांची. "रेवाच्या वजनाचं काहीतरी बसवून पाह्यलं पाहिजे ना," हे वाक्य मात्र दोघींच्या तोंडून गेलंय. मिरची वजनाला हलकी पण आकाराला पैलवान, म्हणून धने खालच्या जाळीत टाकले. पोतं गादीवर बसवलं, पट्टा आवळला, आणि ऊन लागू नये म्हणून मी सवयीने माझी ओढणी वरून पांघरली.

दांडा सुमनताईंनी धरला. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "सरका, माझी मिरची हाये."

आणि ती बाई निघाली. टेम्पोला थांबवत, हातगाडीवाल्याला "ए गा, सरक ना बाजूले" करत, खड्डा आला की पुढची चाकं उचलत. मी मागून धापा टाकत. भांड्यांच्या गल्लीच्या टोकाला थांबून त्या माझी वाट बघत होत्या. आपण काय पाहतोय हे मला तिथे कळलं नाही. गर्दी होती, आणि तर्री अजून पोटात बोलत होती.

बसमध्ये चढताना दोन अनोळखी तरुणांनी न विचारता गाडी उचलून आत ठेवली. इथले लोक मदत करताना परवानगी मागत नाहीत. एक आजीबाई बाळाला जागा द्यायला उठल्या. कंडक्टर आला, वाकला.

"माय, लेकराचं तोंड काहून झाकलं? गुदमरून जाईन ना."

"झोपलं हाये," सुमनताई म्हणाल्या. का म्हणाल्या, त्यांनाच ठाऊक.

त्याने प्रेमाने ओढणी उचलली, तोंड जवळ नेलं, आणि जी शिंक दिली ती ड्रायव्हरपर्यंत गेली. मग आजीबाई शिंकल्या. मग ते दोन तरुण. अख्खी बस शिंकत होती आणि हसत होती. न शिंकलेल्या फक्त दोघी, एक भिवापूरच्या तिखटावर वाढलेली आणि एक कोल्हापूरच्या. त्या क्षणी आम्ही एकमेकींना मान दिला.

घरी आल्यावर हसणं संपलं. पोतं काढल्यावर गादीवर लाल भुकटी दिसली, ती आम्ही झटकली. मग मुक्ताने रेवाला गाडीत ठेवलं. रेवा आधी शिंकली, मग तिने डोळे चोळले, मग असं भोकांड पसरलं की गायसुद्धा पोळी न घेता निघून गेली. मुक्ताने तिला उचलून नळाखाली डोळे धुतले. पोरगी शांत झाली. आपल्या हातून काय झालं असतं, या विचाराने मी ती गादी पुन्हा पुन्हा झटकत होते, आणि सुमनताई भिंतीला धरून उभ्या होत्या.

"तुम्ही दोघी मिळून एक दिवस बाळ सांभाळू शकत नाही," मुक्ता म्हणाली. ती ओरडली नाही, हे वाईट. "सोमवारी मी ऑफिसला फोन करून सांगते. येत नाही म्हणून."

मग सुमनताई खाली बसल्या, त्या गुडघ्यांनी, आणि गाडीची चेन ओढायला लागल्या.

"सांगू नको वं. सोमवार यायचा हाये अजून."

खोळ आम्ही रविवारी दिवसभर धुतली. आधी तेलाचा हात लावून, मग साबणाने, मग ताकात, मग पुन्हा साबणाने. गादी, पट्टे, दांडेसुद्धा. वाळवायचं काम नागपूरच्या उन्हाने केलं. तिथे टाकलेला कपडा आपण वळेपर्यंत पापड होतो. राहिला वास. हुंगून बघायला आमची दोघींची नाकं कुचकामी, म्हणून जावयाला बोलावलं. पहिल्यांदा तो शिंकला. आम्ही पुन्हा धुतलं. दुसऱ्यांदा शिंकला. तिसऱ्यांदा त्याने नाक खोळीत खुपसलं, बराच वेळ ठेवलं, आणि म्हणाला, "आता फक्त साबण येऊन राहिला." मग मुक्ताने स्वतःचा गाल त्या खोळीवर घासला आणि थांबली. काही जळजळलं नाही. सोमवारी तिने फोन केला नाही, ती कामावर गेली.

सोमवारी दुपारी मी गाडी काढली. सुमनताई "फक्त पाहाले" आल्या. पहिल्या वळणावर त्यांनी दांडा घेतला आणि नंतर दिला नाही. उघडं गटार आलं तेव्हा वळसा, गतिरोधक आला तेव्हा गाडी उलटी फिरवून मागे ओढत. मेट्रोत लिफ्टने वर गेलो. डब्यात एका मुलीने रेवाला मांडीवर घ्यायला मागितलं, दुसरीने गाडी धरून ठेवली. मुक्ता ऑफिसच्या दारात उभी होती. रेवाला बघताच तिचा चेहरा फुलला. ती बाळ घेऊन आत गेली आणि मी बाकावर बसले.

सुमनताई बसल्या नाहीत. रिकाम्या गाडीचा दांडा धरून त्या फुटपाथवर इकडून तिकडे फिरत होत्या, दुकानांच्या काचांतून साड्या बघत. नंदनवनपासून इथवर त्या एकदाही भिंत शोधत थांबल्या नव्हत्या, हे मला तेव्हा दिसलं. इतवारीतही थांबल्या नव्हत्या. पण मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यांनी दांडा सोडला असता.

पुढचे दिवस तसेच गेले. जाताना बाळ, येताना बाळ आणि सांबारवडी. एका संध्याकाळी त्या गाडी घेऊन शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. बाळाला दाखवायला, असं म्हणाल्या.

माझ्या निघायच्या दिवशी जावयाला सुट्टी नव्हती. मी रिक्षा बोलावणार, तर सुमनताई म्हणाल्या, "कायले? मी सोडून देईन." माझी बॅग त्यांनी बाबागाडीत बसवली, पट्टा आवळला, आणि आम्ही मेट्रोने स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्मवर लोक बॅगेकडे वाकून बघत होते.

"आणि रेवा?" मी मुद्दाम विचारलं.

"घरी झोपली हाये, मुक्ताजवळ. आज तिची सुट्टी ना." मग त्या दांड्यावरची धूळ पुसायला लागल्या. "मुक्ता म्हणून राहिली, पोरगी चालाले लागली की गाडी कोणाले तरी देऊन टाकू. तुम्ही सांगा ना तिले, देऊ नको म्हणा. आणखी एक लेकरू होऊ द्या म्हणा. गाडी कामी येईन."

माझी रेल्वे सुटली. खिडकीतून मला दिसत होतं, भर गर्दीत सुमनताई रिकामी बाबागाडी ढकलत चालल्या होत्या. हमाल बाजूला होत होते.

कोल्हापुरात आल्यापासून भिशीतल्या बायका विचारतायत, नातवंडासाठी कुठली गाडी घ्यावी, मोठ्या चाकांची की मिटणारी? मी म्हणते, बाळाला बसवून काय बघता, बाळ कशातही बसतं. ढकलणारीला दांडा धरू द्या आणि तुम्ही दहा पावलं मागून चाला. आणि खोळ निघते का, ते विचारा.

मुक्ताला मी रेल्वेतूनच फोन केला होता. "गाडी कोणाला देऊ नकोस," म्हटलं. "दुसरं लेकरू नाही झालं तरी चालेल."