जपानचा डबा

सिटीवेस्ट या उपनगरात आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ कंपनीच्या कामाने एकदा जपानला गेले, तेव्हा त्यांना एक दिवस सुट्टी मिळाली. तो एक दिवस त्यांनी लॉकडाऊनभर कुंपणावरून मला ऐकवला. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी, पळून जाणार कुठे? डोळे मिटून सुरू करायचे: सकाळी देवळं, दुपारी नूडल्स, संध्याकाळी खरेदी. "आणि चहा तिथलाच! आपला म्हणजे नुसता पाक हो."

निर्बंध उठल्यावर त्यांनी मला आग्रहाने चहाला बोलावलं. जपानहून आणलेला चहाचा डबा कपाटातून काढून दाखवला. सील शाबूत होतं. डबा परत आत ठेवत म्हणाले, "पाहुणे आले की फोडू."

मी समोरच बसलो होतो, हातात पाकाचा कप घेऊन.