रंग न धरलेली काच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. वहिनीच्या रिपोर्टचा खरा अर्थ मला आठवड्याभरातच कळला होता, आणि पुढचे पाच आठवडे मी गप्प बसलो.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ओतीव भागाला आम्ही लाल रंग लावतो, पुसतो, वरून पांढरी पावडर फवारतो. कुठं तडा असेल तर त्यात मुरलेला रंग रेघ होऊन वर येतो. रेघ नाही, तर माल पास. याच सवयीनं मी वहिनीच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट वाचला. तीन इंग्रजी नावं, तिन्हींपुढं निगेटिव्ह.

दादा गेल्यापासून वहिनी थेरगावात ब्लाऊज शिवून घर चालवते. लातूरहून मी इकडं आलो तेव्हा पहाटे उठून मला डबा देणारी तीच. ऑपरेशननंतर हात पुरता वर जात नव्हता, तरी हूक लावत बसली होती.

"काय आलं, भावजी?"

"तिन्ही निगेटिव्ह. पास झालात."

"मग डॉक्टर केमो कशाला म्हणतात?"

"त्यांची रीत असते."

"मग लग्नसराई उरकू दे. माझ्यापायी नवऱ्या काय पदर गुंडाळून बोहल्यावर चढतील?"

पुढच्या आठवड्यात रिपोर्टची दुसरी प्रत आणायला लॅबमध्ये गेलो. निगेटिव्ह ठरवता कसं, असं तिथल्या बाईंना सहज विचारलं. आपल्याच धंद्यातलं काही असेल, असं वाटलं. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आधी दुसऱ्याच कुणाच्या गाठीचा पातळ काप लावलेली काच. प्रत्येक पेशीच्या कडेनं तपकिरी रेघ, गेरूनं आखल्यासारखी.

"हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. रंग त्यालाच धरतो."

मग वहिनीची काच. सगळं फिकट निळं.

"आम्ही तीन बघतो. एक कडेला, दोन आत केंद्रकात. इथं एकानंही रंग धरला नाही."

"म्हणजे माल स्वच्छ."

बाईंनी चष्मा काढला. "नाही हो. ती प्रथिनं म्हणजे औषधाला धरायची मूठ समजा. इथं मूठच नाही, ती औषधं लागूच पडणार नाहीत. म्हणून तर केमो लांबवायची नाही."

मी हादरायला हवं होतं. पण पहिल्यांदा तोंडून निघालं ते, "पृष्ठभागावर एवढं एकच असतं?" कितीतरी असतात, त्या म्हणाल्या. आजार पुढं कसा वागेल याची चाहूल त्यातल्या काहींवरून लागेल असं वाटतंय, तपासणं चालू आहे, पण भरवसा द्यावा इतकं अजून हाती नाही. मला ते बोलणं आवडलं. पक्कं ठरल्याशिवाय सही नाही. मी मात्र वहिनीला तोंडी सही देऊन बसलो होतो.

तिथून परतताना डांगे चौकात उतरून वहिनीच्या शिलाईच्या दुकानात गेलो. वहिनी गिऱ्हाइकाला सांगत होती, "आमचे भावजी कंपनीत तपासायलाच आहेत. त्यांनी वाचलंय, काही नाही त्यात." मग माझ्याकडं वळून, "चहा टाकू?"

मी हो म्हणालो. एवढंच बोललो. वीस वर्षं माल पास-नापास करणाऱ्याला स्वतःची चूक सांगायची लाज वाटली, दुसरं काही कारण नाही.

लग्नसराईतला शेवटचा ब्लाऊज गेला तेव्हा तिनंच दवाखान्याचा विषय काढला, मी सोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस होतात कुठं?" "निगेटिव्ह होतं ना," ती म्हणाली. त्यांनी समजावून सांगितलं. मी टेबलाकडं बघत होतो. बाहेर आल्यावर तीच म्हणाली, "जाऊ द्या भावजी. तुम्हाला लोखंडातलं कळतं, बाईमाणसातलं कसं कळावं?" आणि हसली.

केमो पार पडली. केस परत आलेत, आधीपेक्षा कुरळे. तपासण्या आत्तापर्यंत ठीक आहेत. त्या पाच आठवड्यांनी काही बिघडलं का, हे लॅबच्या बाईंनाही विचारून आलो. एका माणसापुरतं असं सांगता येत नाही, म्हणाल्या. त्या प्रथिनांबद्दल कुठं काही छापून आलं की मी अजून वाचतो. निम्मं कळत नाही.

वहिनीनं मला माफ केलं ते चुकीचं वाचलं म्हणून. मला कळलं होतं आणि तरी मी बोललो नाही, हे तिला माहीत नाही. ते तिला तोंडानं सांगायचं देणं मी अजून लागतो.