तिसरा मजला, सात नंबर

मागे एका रविवारी मी बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. नात समोर येऊन बसली, चार दाणे सोलले, त्यातले दोन मोडले, आणि मग बोलायला लागली. तिच्या ऑफिसात सगळ्यांना एक काम दिलंय. आपण दिवसभर काय काय करतो ते पायरीपायरीने लिहून द्यायचं. इतकं सविस्तर, की उद्या दुसऱ्या कुणाला, किंवा मशीनला, नुसतं वाचून ते करता यावं. तिच्या विभागात दोघीच आहेत, ही आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी. महिनाअखेर दोघींतली एकच राहणार, असं उघड कुणी म्हटलेलं नाही. पण परळच्या त्या काचेच्या इमारतीत चहाच्या मशीनपाशी दुसरा विषय नाही म्हणे.

"आजी, सगळं लिहू, का थोडं माझ्यापाशीच ठेवू?"

तिने हे मला विचारावं याला कारण आहे. नोकरी टिकवण्याच्या विद्येत मी घरात थोर मानली जाते. माझी ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि दर वेळी मीच ती फोडणी घालून सांगत आलेय.

गोष्ट अशी. मी बाविशीची होते, अजून माहेरी, गिरगावातल्या चाळीत. वडील नुकतेच रिटायर झालेले, पाठचे दोन भाऊ शाळेत. मला माझगावला नोकरी लागली. बंदरावर आलेला माल लोकांना सोडवून देणाऱ्या एका एजंटाचं ऑफिस होतं. कागदच कागद. दोन मोठी कपाटं आणि ती सांभाळायला आम्ही दोघी. बाहेरून येणाऱ्या मालाच्या फायली माझ्या कपाटात, बाहेर जाणाऱ्या मालाच्या तिच्या. ती लालबागची, मूळ मालवणकडची. भाऊ गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेला.

तिची रीत सरळ होती. पार्ट्यांची, म्हणजे गिऱ्हाइकांची, नावं अकारविल्हे, गोल अक्षरात रजिस्टर. कुणीही कपाट उघडावं आणि फाईल काढावी. मला ते फार मिळमिळीत वाटायचं. मला वाटायचं आपण काहीतरी और आहोत. दोन वेण्या, एक बरी साडी आणि स्वतःबद्दलचं मत मात्र चार मजली.

म्हणून मी कपाटात आमची चाळ बसवली. खरंच. प्रत्येक पार्टीला एक खोली दिली. औषधं मागवणाऱ्यांना तळमजल्यावरच्या वैद्यकाकांची. अत्तरांचा माल आणणारे पहिल्या मजल्यावर, जिथल्या काकू नळावर पाणी भरायलासुद्धा पावडर लावून यायच्या. जो सारखा भांडायला यायचा त्याला दोन जावांच्या खोलीत टाकला, भांड म्हटलं आता. कागद कायम उशिरा पाठवणाऱ्याची खोली, जिथल्या काकांची बस रोज चुकायची ती. फायलीच्या पाठीवर फक्त मजला आणि खोली, एक-चार, दोन-नऊ. आमची स्वतःची खोली तिसऱ्या मजल्यावर, सात नंबर. तिथे मी साहेबांची सगळ्यात मोठी पार्टी ठेवली, मानाने.

साहेब बिचारे कपाटासमोर उभे राहून आकड्यांकडे बघायचे. तिची फाईल हवी तर कपाट उघडलं की झालं. माझी हवी तर आधी मला शोधावं लागे. मला वाटायचं, ही हुशारी.

पुढे काम आटलं. बाकीच्याही गिरण्या थांबल्या, त्यांच्या यंत्रांचे सुटे भाग येईनात. ऑफिसात कॉम्प्युटर आला, आणि कपाटांपाशी दोघींची गरज नाही असं ठरलं. साहेबांनी आधी तिला आत बोलावलं आणि विचारलं की ही गेली तर हिचं कपाट तू सांभाळशील का. दाराशी बसणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या शिपायाने हे मला येऊन सांगितलं. तिने सांगितलं होतं, नाही साहेब, मला त्यातलं काही कळत नाही. झालं. मी राहिले, ती गेली.

घरात गोष्ट इथे संपते. सगळे हसतात, जावई म्हणतात सासूबाईंनी अख्खी चाळ कामाला लावली. मीही हसते.

त्या रविवारी नातीला पुढचं सांगितलं. ते मी तिच्या आजोबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

तिचा शेवटचा दिवस होता. मी डबा धुवायला गेले होते. तेवढ्यात साहेबांनी माझ्या कपाटातली त्या मोठ्या पार्टीची फाईल मागवली, असं मला परत येताना शिपायाने सांगितलं. मी घाईघाईने आले, तर फाईल काढून माझ्या टेबलावर ठेवलेली. ती शेजारी आपली छत्री, कुंकवाची डबी, टेबलाच्या काचेखालचा फोटो असं पिशवीत भरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तिसरो माळो, सात लंबर. दार उघडाच होता गो."

मी फाईल साहेबांकडे पोचवून आले.

तिला ठाऊक असणारच होतं, आणि मी चार मजली शहाणी, मला ते सुचलंच नव्हतं. दर चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू व्हायचं. सकाळी अख्ख्या चाळीला बोलावणं करायला जायचं, एकही खोली वगळायची नाही. त्या कामाला सलग तीन वर्षं ती माझ्याबरोबर यायची. प्रत्येक उंबऱ्यावर थांबलेली, वैद्यकाकांकडून आवळकाठी घेतलेली, दोन जावांची भांडणं सोडवलेली. संध्याकाळी आईच्या हाताची डाळ आणि पन्हं घेऊन लालबागला परत. माझं कपाट तिला पहिल्या आठवड्यातच वाचता आलं असेल. साहेबांना एक वाक्य सांगितलं असतं, तर पिशवी मी भरत असते.

मी विचारलं, मग का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तुमच्या चाळीत जेवलेय मी. तीच चाळ साहेबांना कशी दाखवून देऊ?"

 तिची छत्री हातात घेऊन तिला जिन्याखालपर्यंत सोडलं आणि वर येऊन टायपिंग केलं.

आपल्यावाचून अडायला लागलं की काय होतं, ते मग कळलं. मला रजा मिळेना. लग्नाच्या चौथ्या दिवशी तो म्हातारा शिपाई दादरला माझ्या सासरी हजर, घामाघूम, एका फाईलचा पत्ता विचारायला. सासूबाईंनी त्याला चहा दिला आणि माझ्याकडे असं बघितलं, की त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं.

लालबागला जायचं मी रोज ठरवायची. वेळ नाही, रजा नाही, असं स्वतःला सांगायची. आता हसू येतं. लालबाग काय विलायतेत होतं? बसने अर्धा तास. जायची लाज वाटत होती, एवढंच. दीड वर्षाने गेले तेव्हा तिच्या खोलीत दुसरंच कुटुंब. गावी गेले सगळे, शेजारीण म्हणाली. कुठलं गाव? मालवणच्या पुढे कुठेतरी. मी एवढ्या खोल्यांचे पत्ते तोंडपाठ ठेवणारी, आणि तिच्या गावाचं नाव कधी विचारलं नव्हतं.

नातीने उरलेले वाल सोलले. एकही मोडला नाही. मग म्हणाली, "म्हणजे सगळं लिहू."

मी म्हटलं, मी असं काही सांगितलेलं नाही. नोकरी तुझी, पोट तुझं. सगळं लिहून देऊन नोकरी गेली तर मला शिव्या देशील. तर म्हणते, देईन की.

तिने सगळं लिहिलं. आणि द्यायच्या आधी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला वाचायला दिलं. त्या मुलीने तीन चुका काढल्या आणि स्वतःचं लिहिलेलं हिच्यापुढे ठेवलं. कोण राहणार ते अजून कळलेलं नाही. महिना संपायला आठ दिवस आहेत. मी रोज ती घरी आली की आधी तिच्या पिशवीकडे बघते, फुगलीय का ते.

काल मला म्हणाली, तुझी चाळ सांग, तीही लिहून ठेवते. चाळ पडून तिथे टॉवर झाला त्याला बरीच वर्षं झाली. मी तळमजल्यापासून सुरुवात केली. वैद्यकाका, दोन जावा, पावडरवाल्या काकू. ती फोनवर टिपत होती. तिसऱ्या मजल्यावर आलो. सात नंबरला कोण लिहू, तिने विचारलं. तुम्हीच ना?

मी म्हटलं, आम्ही होतोच. पण तिथे आधी तिला लिही. दर चैत्रात यायची. नाव सांगते.