वीस वर्षांपूर्वीचा ब्लॉक आणि शेलारकाका

मंडळी, आज दिवसभर मन जुन्या लॅबमध्ये अडकलंय.

मी नवी मुंबईत कॅन्सर संशोधनाच्या लॅबमध्ये काम करते. पेशंटच्या गाठीचे तुकडे मेणात जपून ठेवतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्यातून डीएनए काढून प्रतिकारशक्तीची जीन्स ओळखायची, म्हणजे शरीर कॅन्सरशी कसं लढतं याचा अंदाज येतो. पण मेणात ठेवण्याआधी तुकडा कुजू नये म्हणून फॉर्मॅलिन या रसायनात बुडवतात, आणि त्यामुळे जुन्या ब्लॉकमधला डीएनए बऱ्याचदा पार तुटलेला असतो.

आज सकाळी वीस वर्षांपूर्वीच्या एका ब्लॉकचा रिझल्ट एकदम स्वच्छ आला. लेबलवरचं अक्षर बघितलं आणि ओळखलंच. शेलारकाका, आमच्या लॅबमधले जुने टेक्निशियन! मला ब्लॉक कापायला त्यांनीच शिकवलं. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जास्त वेळ पडून राहू नये म्हणून ते रविवारीसुद्धा तुर्भ्याहून लॅबमध्ये यायचे. आम्ही तरुण पोरी त्यांना हसायचो.

लगेच फोन लावला. "काका, तुमच्या रविवारांमुळे वीस वर्षांपूर्वीचा ब्लॉक आज स्वच्छ वाचता आला बघा!"

"व्हय? लई बरं झालं पोरी," काका म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पेशंट वाचला का गं?"

माझ्यासमोर फक्त नंबर होता. नोंद उघडून बघितली. "नाही काका. बाई होत्या. त्याच वर्षी गेल्या."

काका म्हणाले, "तिचा रिझल्ट नीट वाच. दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येऊ दे."

सकाळपासून मी रिझल्टवर खूश होते, आणि हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. तुमच्या कामात आधी माणसाबद्दल विचारणारं असं कोणी होतं का?