बकेटीचे दात

गोखिवऱ्याच्या कारखान्यातून दातांची पट्टी आली त्या दिवशी बाबा आंघोळ न करताच अंगणात पाना घेऊन बसले होते. आमच्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे. त्याच्या बकेटीची कड सपाट. शेणखत, रेती भरायला ठीक, पण वाळलेल्या चिखलावर ती नुसती खरवडत जायची. म्हणून कडेवर बसवायची ही जाड लोखंडी पट्टी, पुढे ओळीने दात असलेली.

हा सगळा खटाटोप बावखलासाठी. बावखल म्हणजे घरामागच्या वाडीतलं आमचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि शेजारच्या विहिरीला गोडं पाणी मिळतं. त्या विहिरीवर आमचं घर आणि बाबांचा सोनचाफा. पूर्वी ती पाऊस येईपर्यंत पुरायची. आता आजूबाजूला इमारती, प्रत्येकीची बोअरवेल, आणि होळी झाली की आमची विहीर तळ दाखवते. गेल्या उन्हाळ्यात चाफ्याची निम्मी झाडं बाबांच्या डोळ्यांदेखत वाळली. उरलेली निम्मी वाचवायची तर बावखल खोल करायचं, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

पट्टी बकेटीत बसेना. बोटभर लांब निघाली.

"आतून माप घ्या म्हणून घसा कोरडा केला मी," मी म्हटलं. "तुम्ही घेतलं बाहेरून!"

"तोंड आवर आणि ग्राइंडर आण," बाबा म्हणाले.

लग्न न करता घरी राहिलेली मुलगी मी, ट्रॅक्टरही मीच चालवते, त्यामुळे आवरण्याचा प्रश्नच नव्हता. बडबडत दोन्ही टोकं घासली. बकेटीच्या बाजूच्या पत्र्यांना भोकं पाडताना ड्रिलचं बिट मोडलं, तेव्हा बाबांनी मला आणि मी कारखानेवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी पट्टी हातोड्याने ठोकून बसवली, बोल्ट कसले. बाबांनी एकेक दात हाताने हलवून पाहिला. एकही हलला नाही. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा उजळला होता.

आमच्या भागात खोलवर खारं पाणी आहे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मध्ये पिवळ्या चिकणमातीचा थर असतो. तो लागला की थांबायचं. सपाट बकेट त्याच्यावरून घसरायची, म्हणजे थांबणं आपोआपच व्हायचं. दातांनी मात्र वरचा गाळ खरवसासारखा उचलला आणि दुपारपर्यंत पिवळी माती उघडी पडली.

मी इंजिन बंद केलं. "बास. लागली पिवळी."

"अजून थोडं."

"बाबा, डोकं फिरलंय का? खाली काय आहे माहीत नाही तुम्हाला?"

"मला शिकवू नकोस. अजून हातभर. एवढ्यानं काय होतं?" मग आवाज उतरला. "यंदा उरलेली गेली ना, तर मी काय करू गं?"

मी इंजिन सुरू केलं. दात त्या मातीत घुसले, एक मोठं ढेकूळ उचकटून आलं आणि खालून पाणी उसळलं. बाबा लहान मुलासारखे ओरडले, "झरा लागला! अगं, झरा!" त्यांनी आईला हाका मारून बाहेर बोलावलं. शेजारचे बघायला आले. मला इतका आनंद झाला की भीतीबिती सगळी विसरले.

दोन दिवसांत विहीर चढली. सकाळीच बाबांनी पंप सुरू करून चाफ्यात पाणी सोडलं. टँकरच्या पाण्याला कंटाळलेल्या आईने विहिरीच्या पाण्याचा चहा टाकला. दूध घातलं तर फाटलं. तिने तो ओतून दिला, नवी पिशवी फोडली, पुन्हा टाकला. पुन्हा फाटला. आईने माझ्याकडे पाहिलं. मी कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. खारट.

"चहा होतोय की नाही?" बाहेरच्या ओट्यावरून बाबांची हाक आली.

आईने कोरा चहा नेऊन दिला.

"दूध?"

"संपलं," आई म्हणाली.

ओट्यावर बसलं की दारातून आत ठेवलेली दुधाची पिशवी दिसते. बाबांनी पिशवीकडे पाहिलं, चहाचा एक घोट घेतला. मग कप खाली ठेवून वाडीत गेले. पंप बंद झाला.

बराच वेळ परत येईनात म्हणून मी मागे गेले. एका चाफ्याच्या बुंध्याशी बसून ते दोन्ही हातांनी आळ्यातलं पाणी बाहेर उपसत होते. वेड लागल्यासारखे. मला रडू फुटलं. मी समोर बसून उपसायला लागले. ते आळं रिकामं करून आम्ही पुढच्या झाडाकडे वळलो, तर तिथलं पाणी केव्हाच मुरून गेलं होतं.