हळदीच्या कॅसेटवरचं भूत

केडगावात अमृत भिंगारदिवेला कुणी 'फोटोवाला' म्हटलं की त्याचं टाळकं सटकायचं. "फोटो स्टुडिओत काढतात. मी शूटिंग करतो," हे तो भर मांडवात नवरदेवाच्या मामाला ऐकवायचा. नागापूरच्या एमआयडीसीत चार वर्षं लेथवर काढली, मग गेटवर युनियनचा बोर्ड लावला आणि साहेबानं सांगूनही उतरवला नाही, म्हणून त्यालाच बाहेर काढलं. तेव्हा त्यानं खांद्यावर ठेवायचा जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला. माहितीचं पुस्तक इंग्रजीत. कुणाला विचारायचं नाही हा स्वभाव. एकेक बटण दाबत, बिघडवत, दुरुस्त करत गडी शिकला.

पौषात लग्नं नसतात. सत्त्याण्णवच्या पौषात कॅमेरा खुंटीला टांगलेला बघून अमृतच्या डोक्यात सिनेमा शिरला. भुताचा. पण भूत दाखवायला पैसा लागतो. न दाखवायला लागत नाही. गोष्ट त्यानं तशीच रचली. लग्नाचं शूटिंग करणारी तीन पोरं निजामशाहीच्या काळातल्या पाण्याच्या भुयारी नळात उतरतात, वर येत नाहीत, मागाहून फक्त कॅमेरा सापडतो. आपण बघतोय ते त्यातलंच. सेट नको, मेकअप नको, लाईट लग्नाचीच. हात हलला तर बिघडत नाही, उलट हललाच पाहिजे. पोरांना अभिनय येत नव्हता, तेही बरंच. खरी माणसं कुठं डायलॉग मारतात?

नगरच्या आसपास असे कोरडे पडलेले नळ आहेत. वरून विहिरीसारखं तोंड, खाली वाकून चालावं लागेल एवढी वाट. भर दुपारी आत काळोख. अमृत, त्याचा चुलतभाऊ सम्राट आणि आणखी एक दोस्त उतरले. एका अरुंद जागी सम्राट पुढं सरपटत गेला, मागून कॅमेरा घेऊन अमृत निघाला आणि वरची माती सरकली. खांदा अडकला. पुढं जाता येईना, मागं येता येईना. नाकातोंडात माती. हाक मारली तर आवाज परत तोंडावरच येई. सम्राट पलीकडून हातानं माती उकरत होता. पंधरा मिनिटं. कॅमेरा चालूच होता.

वर आल्यावर अमृत एवढंच म्हणाला, "कसला भारी शॉट दिला मी!" घाबरला होता हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

दीपानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कॅसेट घरी टीव्हीवर पाहिली. बघताना तिनं भाजी निवडायचं थांबवलं, यावर अमृत खूश झाला. संपल्यावर ती म्हणाली, "तो मातीतला तुकडा बघताना माझाच जीव गुदमरला. पण एक सांगा, मरायला टेकलेला माणूस कॅमेरा कशाला धरील? टाकून पळंल ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"आणि भिंतीवर दोराची सावली दिसती. आणि ती तिघं एकाच दिवशी मेली ना? मग खाली तारीख दोन दिवसांची कशी?"

अमृतनं जेवणाचं ताट सरकवलं. दोन दिवस घरात अबोला.

त्याचे वडील कारभारी कोपऱ्यातल्या बाजेवरून बोलले, "छप्पन साली आम्ही भुतंखेतं सोडून दिली. दीक्षा घेतली तवा तुझा जन्म बी नव्हता. आन् तू क्यासेटीत भरून परत घरात आनलीस."

"सिनेमा आहे, दादा."

"मग बोर्ड लाव की तसा. सिनेमा हाय म्हून."

इथंच खरी गोम होती. बोर्ड लावला तर खेळ खलास. असल्या सिनेमाचा सगळा जीव 'हे खरंय' या एका थापेत असतो.

कॅसेट केबलवाल्या गोरक्षनाथकडं गेली. आणि तिथं ती चूक झाली, जी लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडूनच व्हावी. आमच्याकडं लग्नाची कच्ची कॅसेट फेकत नाहीत. पार्टीला, म्हणजे लग्नघराला, गाणी-फुलं टाकून पक्की कॅसेट दिली की कच्चीवर दुसरं शूटिंग चढवतात. अमृतनं भुयार चढवलं होतं ते दोन वर्षांपूर्वीच्या एका हळदीवर. सिनेमा संपला तिथं चढवणं थांबलं. त्याच्यापुढं जुनं तसंच राहिलं. गोरक्षनाथनं शेवटपर्यंत कॉपी मारली आणि तीच केबलवर लावली. त्यामुळं लोकांनी पाहिलं ते असं: कॅमेरा मातीत पडतो, काळं होतं, पांढऱ्या रेघा येतात, आणि अचानक हळदीनं माखलेली एक नवरी थेट आपल्याकडं बघत ओठ हलवते. आवाज नाही. दोन मिनिटं. मग मुंग्या.

केडगावात बायकांनी किंकाळ्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी चौकात चार जणांनी अमृतचा हात धरला. "भिंगारदिवे, ती शेवटची बाई... कुठली ती?"

'चुकून राहिलं' असं म्हणायला एक क्षण लागला असता. अमृत गालात हसला. "ज्या कॅमेऱ्यात सापडली त्यालाच विचारा," म्हणाला.

पुण्याचा एक कॅसेटवाला माल घ्यायला तयार झाला. अट एकच: ही कॅसेट खरीच सापडलीय, असंच सांगत राहायचं.

चैत्रात जत्रा सुरू झाल्या. गावोगाव टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं जातात, त्यांच्याबरोबर गोरक्षनाथकडची भुयाराची कॅसेटही फिरली. आणि एका सकाळी रतनबाई दारात येऊन उभी राहिली. केडगावच्या मळ्यातली बाई. दोन वर्षांपूर्वी तिच्याच पोरीच्या, विजयमालाच्या हळदीचं शूटिंग अमृतनं केलं होतं.

"अमृतभाऊ, माझ्या पोरीला तुमी कंच्या भुयारात घातली?"

"काय झालं मावशी?"

"तिच्या सासरी जत्रंत तुमची क्यासेट लावली. सगळ्या गावानं वळखलं तिला. मेलेल्या पोरांच्या क्यासेटीत आमची सून कशी, म्हून सासू बिथारली. त्याच आठवड्यात त्यांची गाय गाभडली. झालं. कडब्याच्या खोलीत कोंडलीय पोरीला. आठ दिस झाले. भाकर खिडकीतून टाकत्यात. येत्या अमुशाला देवरुशी आननार हाय, चटके द्यायला."

अमावस्येला तीन दिवस होते.

अमृत तडक निघाला. रतनबाई बरोबर होतीच, शिवाय पुरावा म्हणून सिनेमात मेलेल्या सम्राटला जिवंत बरोबर घेतलं. सासरचं घर गावाबाहेर मळ्यात. अंगणात सासू, दगडाबाई, डाळ पाखडत बसलेली. कडब्याच्या खोलीला बाहेरून कडी, कडीत लाकडाची खुटी. वर वीतभर खिडकी.

"आजी, ते सगळं खोटंय. हा बघा, यात मेलाय तो हाच."

दगडाबाईनं सम्राटच्या तोंडाकडं बघितलंच नाही. आधी पायांकडं बघितलं. पावलं सरळ होती. "सरळ हायेत," ती म्हणाली, "पर आत कोन शिरलं आसंल त्ये पावलावरनं कसं कळायचं?"

"अहो, मी केलंय ते! मी! नगर जिल्ह्यात असलं कुणी केलेलं नाही!"

"लई भ्यालो आमी. खोटं आसतं तर मानूस येवढं भेतंय व्हय?"

विजयमालाचा नवरा मच्छिंद्र गोठ्यातून बाहेर आला. अमृतनं आवाज चढवला. "कडी काढ, नाहीतर पोलीस आणतो."

"आन की. क्यासेट बी दाखवू त्यांना. माझ्या बायकूचं तोंड भुताच्या पिच्चरमधी घालायला तुला कुनी सांगितलं?"

रतनबाई त्याची बाही ओढत होती. "नगा भाऊ, पोलीस नगा. मग ह्ये लोक पोरीला जित्ती ठिवायचे न्हाईत."

जाताना त्यानं खिडकीकडं पाहिलं. आत अंधार. दोन बोटं गजाला धरलेली दिसली, नखांवर अजून जत्रेची मेंदी. एकदम त्याला नाकातोंडात माती गेल्यासारखं झालं. त्याची पंधरा मिनिटं होती. हिचे आठ दिवस.

घरी येऊन तो भिंतीवर मूठ आपटत बसला. "पटतच नाही त्यांना. किती सांगितलं, एवढं भारी केलंय, एवढी मेहनत..."

"भारी कशाला सांगताय?" दीपा म्हणाली. "भारी आहे म्हणूनच तर कोंडलीय ती. मी पकडलेल्या चुका सांगा."

"आणि पुण्यावाला?"

बाजेवरून कारभारी खाकरले. "बोर्ड लाव म्हनलं हुतं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमृतनं टेम्पोत टीव्ही, व्हिडिओ, कॅमेरा, एक पत्र्याचं घमेलं घातलं. गोरक्षनाथकडची एकुलती कॉपीही मागून आणली, रतनबाईलाही बरोबर घेतलं. मळ्यात पोचल्यावर भांडला नाही. उभा राहिला आणि म्हणाला, "दगडाबाई, तुमच्या देवरुशाला अजून दोन दिवस आहेत. माझी एक तास कॅसेट बघा. नाही पटलं तर मी चाललो."

फुकटचा सिनेमा म्हटल्यावर शेजारची वस्तीही जमली. टीव्हीवर ऊन पडू नये म्हणून घोंगडी धरली. कॅसेट सुरू झाली, लोक पुढं सरकले. अमृतनं पहिल्यांदा जिथं थांबवलं तिथं स्वतःच्याच हातानं स्वतःचं नाक कापल्यासारखं त्याला वाटलं.

"हे बघा. भिंतीवर काय दिसतंय?"

"दोर," कुणीतरी म्हणालं.

"आमचाच. उतरायला बांधलेला. काढायचा राहिला. आता खालचे आकडे वाचा. आठ तारीख. पुढं... दहा तारीख. एका दिवसात मेलेली पोरं दोन दिवस शूटिंग करत होती. मध्ये घरी येऊन जेवून गेली."

मागून एक म्हातारा फिसकन हसला.

"आता भुताचा तो घरघर आवाज ऐका." अमृतनं घमेलं घेतलं, खिळ्यानं ओरखडलं. हुबेहूब तोच आवाज अंगणात निघाला आणि गोठ्यातली म्हैस दचकून उठली. आता सगळेच हसले.

"आणि इथं कॅमेरा का हलतोय? भूत आलंय म्हणून नाही. भूत दाखवायला माझ्याकडं काहीच नव्हतं, म्हणून हलवला. नीट धरला असता तर रिकामी भिंत दिसली असती. आणि सगळ्यात मोठी चूक माझ्या बायकोनं पकडली. मरणारा माणूस शूटिंग करत बसंल काय?"

"त्ये मात्र खरं हाय," मच्छिंद्रच्या तोंडून निघून गेलं. "मी तर क्यामेरा टाकून पळालो असतो."

मग मातीचा तुकडा आला. पडद्यावर काळोख आणि तो श्वास. हसणं थांबलं. अमृतनं इथंही थांबवलं.

"हे खोटं नाही. हा मी आहे. अडकलो होतो. घाबरलो होतो. रडत होतो. भूत नव्हतं, काही नव्हतं. नुसतं कोंडलं तरी माणूस असा श्वास घेतो." त्यानं कडब्याच्या खोलीकडं बोट केलं नाही. गरज नव्हती.

दगडाबाई मात्र हलली नाही. "शेवट लाव," म्हणाली. "ती दिसती त्ये लाव."

रेघा आल्या. हळदीची नवरी आली. ओठ हलू लागले. दोन-तीन बायकांनी पदर तोंडाला लावला.

"ही माझी चूक," अमृत म्हणाला. "जुन्या हळदीवर सिनेमा चढवला, शेवट पुसायचा राहिला. लोकांनी विचारलं तेव्हा कबूल केलं नाही. माजलो होतो."

"चूक आसंल. पर बोलती काय ती? आवाज का न्हाई?"

"माईकची वायर निघाली होती तेव्हा."

"मग बोलती काय, सांग!"

अमृतला ते माहीत नव्हतं. लग्नात कोण काय बोलतं ते शूटिंगवाला कुठं ऐकतो! तो टीव्हीजवळ वाकून नवरीच्या ओठांकडं बघू लागला. तेव्हा खिडकीतून आवाज आला. आठ दिवस न वापरलेला, फाटका.

"लाईट बाजूला घ्या म्हनत हुते. डोळ्यात हळद गेलती. चारदा म्हनले, अमृतभाऊ. तुमी ऐकलंच न्हाई."

पडद्यावर नवरी डोळा चोळत होती. आता ते सगळ्यांना दिसलं. ओठांवर शब्दही बसले: लाईट, बाजूला, घ्या. मागच्या बाईनं पदर खाली केला. "अगं बाई, खरंच की. डोळा लाल झालाय पोरीचा."

मच्छिंद्र उठला. आईकडं न बघता त्यानं खुटी ओढली. दगडाबाईनं डाळीचं सूप मांडीवर घेतलं आणि उगाच पाखडायला लागली.

विजयमाला उजेडात आली तेव्हा तिनं हाताचा आडोसा केला. रतनबाई तिला धरायला धावली. ती आईला म्हणाली, "ट्रंक घ्यायची हाय. मग निघू."

"कुठं?" मच्छिंद्र म्हणाला. ती चालू लागली.

घरात जाता जाता ती अमृतजवळ थांबली. "तेवढी हळद उरलीय ना अजून त्यात?"

"उरलीय. दोन मिनिटं. या दोन्ही कॅसेटींत."

"पुसा."

कॅसेट पुसायची म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरायचं, आणि जेवढी लांबी तेवढा वेळ. अमृतनं पहिली कॅसेट कॅमेऱ्यात घातली, लेन्सला झाकण लावलं आणि बटण दाबलं. मग दुसरी. अंगणात कॅमेरा मांडीवर घेऊन तो चार मिनिटं मान खाली घालून बसला. पुण्यावाल्याला आता काय सांगायचं हे त्याला पाठ होतं: नाही.

त्यातल्या दुसऱ्या कॅसेटच्या शेवटी आज काही दिसत नाही, नुसतं काळं आहे. पण या खेपेला माईकची वायर लागलेली होती. सुपात डाळ उडाल्याचा आवाज येतो. ट्रंक फरफटत दारापर्यंत येते. मच्छिंद्र हळू आवाजात काहीतरी म्हणतो, ते नीट ऐकू येत नाही. मग बांगड्या वाजतात, आणि एक बाई म्हणते, "चल आई, एसटी निघंल."