डोमाजींच्या चिंध्या

विजेचं ऑडिट करायला आलेल्या बाईला कारखान्यात कोणी मनापासून चहा पाजत नाही. अकरा वर्षं झाली, अकोल्याहून सकाळची एसटी धरते, वऱ्हाडातल्या गिरण्या अन् डाळमिला हिंडते, वीज कुठे वाया जाते ते शोधून अहवाल देते. अहवाल कपाटात जातो. पालथ्या घड्यावर पाणी! कंटाळले, खरं सांगते.

डोमाजी मला नांदगाव पेठच्या एका सूतगिरणीत भेटले. हवा दाबून नळ्यांतून साऱ्या यंत्रांना पुरवणारा जो कॉम्प्रेसर, त्यावर त्यांची ड्युटी. रिटायर व्हायला महिना उरलेला. नळ्यांच्या जोडांवर जागोजागी लाल चिंध्या बांधलेल्या दिसल्या. काहींवर हळदकुंकू, एकीत वाळका झेंडू.

"नवसाच्या का, काका?" मी विचारलं.

"आमी बौद्ध, मॅडम. नवस कायचा? जिथं हवा लीक हाये तिथं निशानी बांधून राहिलो. लेखी देल्लं, कोनी वाचलं नाई. मंग चिंधी बांधली, तं दसऱ्याले पोरीइनं तिलेच कुंकू लावलं!"

मी हसले. ते हसले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून आम्ही नुसता कॉम्प्रेसर चालू केला. हवा वापरणारं कोणी नसलं की टाकी भरताच त्यानं थांबायला हवं. दोघं स्टुलांवर वाट पाहत बसलो. पाच मिनिटं, वीस, पाऊण तास. तो थांबला नाही. सारी हवा चिंध्यांखालून चालली होती.

"चवदा वर्सात याले दम घेताना पाह्यलं नाई," डोमाजी म्हणाले. "जाच्या आंधी एकडाव पाहाचं हाये मले. बस, तेवढंच."

मॅनेजर गजेंद्रसाहेबांना हवा कमी पडते म्हणून दुसरा कॉम्प्रेसर घ्यायचा होता. मी अहवालात ठळक लिहिलं, नवा घेऊ नका, आधी गळती बंद करा, जागा डोमाजी दाखवतील. "करू ना मॅडम, काहून नाई?" साहेब म्हणाले. महिनाभरात कोणी पाना हातात घेतला नाही. डोमाजींना शाल अन् नारळ मिळाला.

पुढच्या वर्षी पुन्हा गेले. नवा कॉम्प्रेसर बसला होता, त्याला हारही होता. शेजारी जुना तसाच धापा टाकत होता. मी एक चिंधी सोडायला हात घातला, तर नवा ऑपरेटर कुलदीप धावत आला.

"सोडू नका मॅडम! डोमाजीबाबाच्या नवसाची हाये ते."

चिंधीखाली हवा शिटी मारत होती. मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

परतताना बसस्टँडवर डोमाजींचा फोन आला. मी गिरणीत आल्याचं त्यांना कोणीतरी कळवलं होतं. खुशाली विचारणं वगैरे काही नाही.

"मॅडम, आता तरी थांबते का ते?"

बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी बाजूला झाले.

"थांबतो, काका. टाकी भरली की थांबतो. चांगला दम घेतो."

"बरं झालं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत खोटं रीडिंग मी पहिल्यांदाच दिलं.